घरच्या गॅरेजसाठी बाइक लिफ्ट : निवडीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली, पोर्च रिकामा झाला. आता यामाहाची आरएक्स १०० खोलायची आहे. १९९२ची गाडी, चेसिसपासून रंगवायची. सोबत २०१४ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे (घरात तिला बुलेटच म्हणतो), तिचं चेन-स्प्रॉकेट, कोनसेट (हँडलचं बेअरिंग), क्लच अशी कामं मी घरीच करतो. बायकोची अ‍ॅक्टिव्हा तिसरी. ती मध्येमध्ये ब्रेक शूपुरती येते.

आजवर सगळं उकिडवं बसून किंवा मोढ्यावर (बुटक्या स्टुलावर) बसून झालं. गुडघे आता परवानगी देत नाहीत. म्हणून आधी लिफ्ट, मग आरएक्स, असं ठरवलं. भाचा म्हणाला, "मामा, ऑनलाइन एक मागवून टाका ना, काऊन एवढा विचार करून राहिले?" त्याच्या फोनवर पाहिलं तर आठ हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत सगळ्यालाच लिफ्ट म्हणतात. विचार करावा लागेल.

१३ नोव्हेंबर

लिफ्ट बघण्याआधी जागा मोजली. पोर्च दहा बाय अठरा फूट. मागच्या भिंतीकडे वर जिन्याची लँडिंग येते, तिच्या बीमखाली मोकळी उंची सात फूट, म्हणजे २१३ सेंटीमीटर. बुलेटचं हँडल जमिनीपासून साधारण ११० सेंटीमीटर. लिफ्टची फळी, जिच्यावर गाडी उभी राहते, ८० वर गेली तर हँडल १९० वर, आणि आरसे बीमला जवळजवळ टेकतात. लिफ्टची उंची जास्तीत जास्त ८०, त्यावर एक सेंटीमीटरही नको.

कमीत कमी किती हवी, हेही पाहिलं. बुलेटच्या इंजिनाचा मध्य जमिनीपासून हातभर वर आहे. फळी ७५ वर असली की तो मध्य छाती-पोटाच्या मधोमध येतो, उभ्याने काम करायला नेमका. मोढ्यावर बसून करायचं तर फळी ३५-४० वर पुरते. मला दोन्ही हवं आहे: इंजिनाचं काम उभ्याने, चाकांचं बसून. याचा अर्थ लिफ्ट मधल्या कुठल्याही उंचीवर थांबली पाहिजे आणि थांबलेली राहिली पाहिजे.

फरशी: सिमेंटच्या पार्किंग टाइल्स, गेटकडे उतार. पाण्याची नळी लावून बघितलं, दोन मीटरमध्ये अडीच सेंटीमीटर. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं तर चार-पाच टाइल्स पोकळ वाजतात. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. बिल्डरने मुरूम टाकला होता म्हणतो. किती टाकला ते टाइल्स सांगतात.

१७ नोव्हेंबर

पॅडॉक स्टँड (गाडीचं एक चाक उचलून धरणारा छोटा स्टँड) यादीतून बाद. ते ज्या गाड्यांना डबल स्टँड नाही त्यांच्यासाठी. बुलेटला आहे, आरएक्सला आहे, अ‍ॅक्टिव्हाला आहे. चाक जमिनीपासून चार बोटं वर येतं आणि आपण तिथेच खाली.

कैची जॅक (कैचीसारखे पाय उघडून गाडी खालून उचलणारा) एका मित्राकडे आहे, तोच बुलेटखाली सरकवून पाहिला. हे जॅक चेसिसच्या खालच्या दोन नळ्यांना धरण्यासाठी बनवलेले असतात. आरएक्सला, स्प्लेंडरला इंजिनाखालून जाणाऱ्या अशा दोन नळ्या आहेत, तिथे जॅक मस्त बसतो. माझ्या क्लासिकला त्या नाहीतच. समोरून एकच नळी खाली येते आणि इंजिन स्वतःच चेसिसचा खालचा भाग होतं. मग जॅक टेकवायचा कुठे? थेट इंजिनाच्या पोटाला, ड्रेन प्लगच्या शेजारी. लाकडाचा ठोकळा घालून लोक उचलतात, मीही उचलली, उचलली गेली. पण ज्याच्यावर गाडी टेकली आहे तेच खोलायचं असेल तर हा उद्योग कशाला?

शिवाय स्कूटर. अ‍ॅक्टिव्हाखाली जॅकने धरावं असं सपाट काही नाही. मग फळीवाली लिफ्टच. गाडी आपल्या चाकांवर उभी राहते, खाली कुठली चेसिस आहे याच्याशी लिफ्टला देणंघेणं नाही.

२४ नोव्हेंबर

ओळखीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुपारी जाऊन बसलो. चार लिफ्ट रांगेत, सगळ्या इलेक्ट्रिक हायड्रॉलिक. बटन दाबलं की वर, लिव्हर ओढला की खाली. दिवसभर चढ-उतार चालू. तिथे वेग हाच पैसा.

मी लिफ्टपेक्षा लॉककडे बघत होतो. हायड्रॉलिकमध्ये गाडी तेलाच्या दाबावर उभी असते. सिलिंडरची सील, व्हॉल्व्हची सीट, पाइपचं जॉइंट, यातलं काहीही झिरपायला लागलं की फळी हळूहळू बसते. म्हणून प्रत्येक लिफ्टला दात्यांची पट्टी किंवा आडवा रॉड असतो; वर गेल्यावर तो अडकवायचा, थोडं खाली सोडायचं, वजन तेलावरून लोखंडावर आलं पाहिजे. चारपैकी एकीचाच लॉक लागलेला दिसला. एका लिफ्टवर सकाळपासून पार्टची वाट बघत असलेली गाडी होती, तिची फळी शेजारच्यापेक्षा दोन बोटं खाली. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "बसते थोडी. काही होत नाही बाप्पा."

घरी येताना एवढं पक्कं झालं की माझी गरज या लोकांच्या उलटी आहे. त्यांच्याकडे लिफ्ट दिवसातून वीस वेळा वर जाते आणि गाडी तासाभरात उतरते. माझ्याकडे ती महिन्यातून दोनदा वर जाईल आणि आरएक्स चढली की पार्ट मिळेपर्यंत, रंग वाळेपर्यंत, मला सुट्टी मिळेपर्यंत तिथेच राहील. मला उचलणारं यंत्र थोडं आणि धरून ठेवणारं जास्त हवं आहे. जाहिरातीत मात्र सगळे सेकंद सांगतात: इतक्या सेकंदात वर.

८ डिसेंबर

फोनवर भाव घेतले. पायाने दाबायच्या पंपाची हायड्रॉलिक फळी अडतीस हजार, वर १८ टक्के जीएसटी, वर ट्रान्सपोर्ट. माल नागपूरबाहेर वाडीला उतरणार, तिथून टेम्पो आपला. इलेक्ट्रिक अठ्ठावन्नपासून पुढे. हवेवर चालणारी स्वस्त वाटते, पण तिला कॉम्प्रेसर लागतो, आणि कॉम्प्रेसरचा आवाज शेजारचे काकाजी दुपारच्या झोपेत चालू देणार नाहीत.

प्रत्येकाला तीन गोष्टी विचारल्या.

लॉकच्या दात्यांमध्ये अंतर किती? दोघांनी "पाच-सहा इंच" सांगितलं. म्हणजे माझ्या ३५-४०च्या उंचीवर दाता सापडला तर सापडला, नाहीतर तेलाच्या भरवशावर.

मागच्या चाकाखालची फळी निघते का? ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आणि स्वस्त लिफ्टमध्ये हमखास नसते. मागचं चाक काढताना एक्सल ओढला की चाक खाली सोडायला जागा लागते. फळी सलग असेल तर मडगार्डखालून चाक बाहेर निघत नाही, गाडी आणखी वर उचलावी लागते. निघणारा तुकडा असला की चाक खालून हातात येतं.

फळी सरळ वर जाते की पुढे सरकत वर जाते? काही लिफ्ट समांतरभुज चौकोनाच्या पायांवर असतात. त्या वर जाताना कंसात पुढे येतात. माझ्या पोर्चमध्ये पुढे भिंत आहे. कैचीचे पाय असले की फळी जवळजवळ जागच्या जागी वर जाते.

एका विक्रेत्याने तिन्हीचं नीट उत्तर दिलं. त्याची लिफ्ट चांगली आहे. घ्यायचीच वेळ आली तर तीच.

१७ डिसेंबर

हिवाळी अधिवेशन चालू, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते ठिकठिकाणी बंद, मोर्चे. हिंगण्याला जायला निघालो होतो ते फिरून फिरून पोचलो. एमआयडीसीत एका ओळखीच्या टर्नरचं शेड आहे. लेथ, मिलिंग, दोन वेल्डर.

त्यांना विचारायचं होतं की लॉकची पट्टी कमी अंतराच्या दात्यांची करून मिळेल का. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, हायड्रॉलिक कायले पाहिजे तुमाले? सील गेली का सगळं खाली. आटे कुठं जाऊन राहिले?"

म्हणजे स्क्रू. मोटारीच्या डिकीत जो जॅक पडलेला असतो तोच प्रकार, आडवा आणि मोठा करून. कैचीचा एक पाय बेसला पक्का, दुसरा रूळावर सरकतो. आडवा स्क्रू फिरवला की सरकता पाय ओढला जातो आणि कैची वर उघडते. स्क्रू ताणात राहतो, दाबात नाही, त्यामुळे तो वाकायचा प्रश्न नाही.

त्यांनी शेल्फवरून एक जुना स्क्रू काढून हातात दिला, तीस मिलिमीटरचा, सहा मिलिमीटर पिचचे (एका फेऱ्याला तेवढे सरकणारे) ट्रॅपेझॉइडल, म्हणजे समलंब आकाराचे आटे, आणि त्यावरचा गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) नट. नट हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरतो. मग स्क्रू उभा धरला आणि नट खाली दाबला. जागचा हलत नाही. आणखी दाबला, तरी नाही. हे मला विकत घ्यायचं होतं आणि कुठल्याच पत्रकात सापडत नव्हतं.

२२ डिसेंबर

निर्णय अजून नाही, पण कुठलीही लिफ्ट आली तरी फरशीचं काम लागणारच होतं, ते करून घेतलं. बेसचे चार कोपरे जिथे येतील तिथल्या टाइल्स कटरने कापून काढल्या. खाली हात घातला तर दोन ठिकाणी पोकळी, मुरूम बसलेला. ठोकून भरला आणि चारही ठिकाणी फूटभर चौरस, सहा इंच जाडीचे एम-२० काँक्रीटचे ठोकळे ओतले. वरची पातळी पाण्याच्या नळीने एकच ठेवली, त्यामुळे गेटकडचे दोन ठोकळे फरशीपेक्षा अडीच सेंटीमीटर वर दिसतात. बायकोला ते आवडलेलं नाही. पोतं ओलं करून झाकलं आहे. महिनाभर यांना ड्रिल लावायचं नाही.

चाकं लावलेली, सरकवता येणारी लिफ्ट पुष्कळ लोक घेतात. बुलेट, फळी, बेस मिळून चारशेच्या घरात वजन; एका छोट्या चाकाखाली शंभर किलो, तेही दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर. पोकळ टाइल त्याखाली टिकणार नाही.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. आज नागपुरात दुचाकी बाहेर काढायची नाही, हा घरचा नियम. नायलॉन मांजावर बंदी आहे, आणि दरवर्षी तो गळ्याला लागतोही. गच्चीवर पोरांचा आरडाओरडा, मी खाली कागद-पेन्सिल घेऊन.

टर्नरभाऊंचं म्हणणं आकड्यांत उतरवून पाहिलं. कैचीचे पाय १.३ मीटर धरले. बंद असताना पाय आडव्याशी ८ अंश, उघडल्यावर ३५. पायांच्या टोकांमधली उंची १८ सेंटीमीटरपासून ७५पर्यंत जाते. फ्रेमची जाडी धरून फळी जमिनीपासून २३ ते ८०. बीमचं गणित बसलं.

कैचीची गंमत अशी की तिला सगळ्यात जड जातं ते अगदी सुरुवातीला. आडवी ओढ म्हणजे वजन भागिले कोनाचा टॅन. ८ अंशांना टॅन ०.१४, म्हणजे वजनाच्या सातपट ओढ. बुलेट आणि फळी मिळून २६० किलो धरले तर पहिल्या फेऱ्याला स्क्रूवर साधारण साडेअठराशे किलोची ओढ. ३५ अंशांना तीच ओढ दीडपटीच्याही खाली येते. म्हणून अगदी बसक्या लिफ्ट महाग असतात: आणखी दोन अंश खाली जायचं तर सिलिंडर केवढा तरी मोठा घालावा लागतो. मला २३ सेंटीमीटर चालतात. एक मीटरचा रॅम्प लावला की गाडी आरामात चढते.

स्क्रू: सहाच्या पिचला आट्यांचा चढ चार अंशांचा. ग्रीस लावलेल्या पोलाद-गनमेटलचं घर्षण त्याच्या दीड-दोनपट चढापर्यंत घसरू देत नाही. म्हणून वरून वजन कितीही आलं तरी स्क्रू आपणहून उलटा फिरत नाही. याची किंमत मोजावी लागते: हातातली जवळजवळ दोन-तृतीयांश मेहनत घर्षणात जाते. त्याच घर्षणावर गाडी वर थांबलेली असते, म्हणून तक्रार नाही. दांड्यावर ५० न्यूटन-मीटर लागेल, म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्याला दहा किलोचा जोर. तोही सुरुवातीलाच. तळापासून वरपर्यंत सदतीस फेरे.

सदतीस फेरे सर्व्हिस सेंटरला परवडणार नाहीत. मला परवडतात. चहा ठेवून फिरवायला लागलो तर चहा उकळेपर्यंत गाडी वर.

भाच्याला हिशेब दाखवला. त्याने विचारलं, झिजलं तर? बरोबर विचारलं. गनमेटल मऊ, नट झिजणारच, आणि झिजून आटे साफ उडाले तर फळी एकदम खाली. हायड्रॉलिक निदान हळू तरी बसते. याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१९ जानेवारी

उत्तर मोटारींच्या दोन खांबांच्या स्क्रू लिफ्टमध्ये आहे. कामठी रोडला एका गॅरेजमध्ये जुनी तशी लिफ्ट अजून चालते, मालकाने कव्हर काढून दाखवली. मुख्य नटाच्या मागे दुसरा नट असतो, त्याच स्क्रूवर, पण त्याच्यावर वजन नसतं. दोघांमध्ये ठरावीक फट सोडलेली. मुख्य नट झिजला की फट बदलते. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) घालून मोजायची, ठरलेल्यापेक्षा फरक जास्त पडला की नट बदला. आणि मोजायचं राहून गेलं, आटे उडाले, तरी वजन दुसऱ्या नटावर येऊन थांबतं. त्याचे आटे कोरे असतात.

टर्नरभाऊंना फोन केला. म्हणाले, "दोन नट ना? टाकून देतो, त्यात काय." फट दोन मिलिमीटर ठेवायची, एक मिलिमीटर फरक पडला की नट काढायचा, असं ठरवलं. याउपर, लिफ्टवर गाडी असताना हातोड्याचं काम होणार, हादऱ्यांनी स्क्रू कणाकणाने सरकू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंना आडवे रॉड, दर पाच सेंटीमीटरला भोकं. गाडी मुक्कामाला असेल तर रॉड घालायचाच.

हायड्रॉलिकवाल्या भल्या माणसाला फोन करून नकार कळवला. त्याची लिफ्ट वाईट नव्हती. रोज गाड्या करणारा कुणी विचारेल तर त्याच्याकडेच पाठवीन.

२५ जानेवारी

इतवारीतल्या लोहाओळीत, लोखंडाच्या बाजारात, खरेदी. इतवारीत चारचाकी नेण्यात अर्थ नाही, हातठेला बाहेरपर्यंत, तिथून टेम्पो. बेस आणि फळीला ५०ची अँगल, पायांना ६० बाय ४०ची चार मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी, वर तीन मिलिमीटरची चेकर्ड प्लेट. दुकानदार पायांसाठी दोन मिलिमीटरची नळी पुढे करत होता, "दिसायला सेमच आहे ना." कॅलिपर खिशात होतं.

२ फेब्रुवारी

शेडवर दिवस गेला. पिना पंचवीस मिलिमीटरच्या, ईएन-८ पोलादाच्या, प्रत्येकीला गनमेटलचं बुश आणि ग्रीस निपल. सरकत्या टोकाचे रोलर चॅनेलच्या आत, वरूनही झाकलेले. हे महत्त्वाचं: गाडीचं वजन एका टोकाला गेलं, समजा पुढचं चाक आणि फोर्क काढून ठेवले, तर दुसऱ्या टोकाचा रोलर उचलला जायला बघतो. चॅनेलने तो धरला नाही तर फळी कलंडते.

स्क्रूच्या टोकाला त्याची ओढ झेलणारं ५११०६ थ्रस्ट बेअरिंग. मागच्या बाजूला फळीत दीड फुटाचा निघणारा तुकडा. पुढे चाक आवळून धरणारं वाइस आणि चार कोपऱ्यांना पट्टे अडकवायला कड्या. वेल्डर पोरगा कड्या प्लेटला लावत होता, त्याला फ्रेमच्या अँगलला लावायला सांगितलं. तीन मिलिमीटर प्लेट पट्ट्याच्या ओढीने फुगते.

९ फेब्रुवारी

घरी आणून ठोकळ्यांवर ठेवली, बारा मिलिमीटरचे अँकर फास्टनर ठोकले. एका कोपऱ्याखाली एक मिलिमीटरची पत्र्याची पट्टी लागली, बाकी तीन चोख.

गाडी चढवण्याआधी वजनाची चाचणी. मागच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, त्यांच्याकडून सिमेंटची आठ पोती उसनी आणली, पन्नास किलोची एक, म्हणजे चारशे. बुलेटच्या दुप्पट. पोती उतरवणारा मजूर विचारत होता घरात काय बांधता. पहिले पाच-सहा फेरे खरंच अंगावर आले, पाय भिंतीला लावून ओढले. दहाव्या फेऱ्यानंतर एका हाताने.

४० सेंटीमीटरवर थांबवली, रॉड न घालता. चारही कोपऱ्यांची उंची खडूने लिहून ठेवली. रात्रभर तशीच. कुत्रं खाली जाऊन झोपू नये म्हणून चारी बाजूंनी पाट्या लावल्या.

१० फेब्रुवारी

सकाळी मापं घेतली. चारही कोपरे जिथल्या तिथे. पोती ढकलत एका टोकाला सरकवली, रोलर चॅनेलमध्ये कटकन वर बसला आणि तिथेच धरला. आवाज मोठा आला, पण हालचाल दोन मिलिमीटरचीच. पूर्ण वर नेली, रॉड घातला, पोत्यांवर आधी भाचा उभा राहिला, मग मी. बायको आतून म्हणाली, उतरा खाली दोघंही.

नटांमधली फट मोजली: दोन मिलिमीटर. तारखेसकट बेसवर रंगाने लिहून ठेवली.

खर्च: लोखंड, स्क्रू-नट, मजुरी, अँकर, टेम्पो मिळून अठ्ठावीस हजारांच्या आत. काँक्रीट वेगळं, पण ते कुठल्याही लिफ्टला लागलंच असतं.

१५ फेब्रुवारी

पहिली बुलेट. चढवताना एक जण पुढे हँडलला, एक मागे. इंजिन चालू करून चढवायची नाही. पुढचं चाक वाइसमध्ये, दोन रॅचेट पट्टे खालच्या टीला (फोर्क धरणाऱ्या खालच्या जोडाला). पट्टे हँडलला बांधू नयेत, हँडल वाकडं होतं. फोर्क थोडे दबतील इतकंच ताणायचं. डबल स्टँड लावायला गेलो तर स्टँडचे पाय नेमके निघणाऱ्या तुकड्याच्या कडेवर येत होते. गाडी चार बोटं पुढे घेतली आणि वाइसची जागा तिथे पक्की केली. आरएक्सचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) कमी आहे, तिच्यासाठी वाइसला भोकांची दुसरी जोडी पाडायला हवी.

मागचं चाक खालून काढलं. एक्सल बाहेर, तुकडा बाहेर, चाक हातात. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश आत्ता कुठे नीट दिसले, डावीकडचं खलास आहे.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर वापरून सुचलेलं, टर्नरभाऊंना सांगायला:

दांडा खूप खाली येतो, फिरवताना वाकावं लागतं. युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारा जोड) लावून तिरपा वर घ्यायचा. ड्रिल मशीनने फिरवायचा मोह भाच्याला झाला आहे. त्याला नको म्हटलं. वेगाने फिरवलं की नट तापतो आणि झिज वाढते, आणि एवढी मेहनत आपण नट वाचवायलाच केली.

स्क्रूवर धूळ बसते. नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे दुपारची लू आणि त्यासोबत बारीक माती, ग्रीसला चिकटली की घासायचं पावडर तयार. जुन्या ट्यूबचं रबर कापून झालर लावता येईल, नाहीतर वरून पत्र्याचा पन्हाळा. पन्हाळा सोपा.

चेकर्ड प्लेटच्या खळग्यांत नट-वॉशर लपतात. कडेला चुंबकाची पट्टी.

अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक छोटं, वाइसचे जबडे त्याला पुरत नाहीत. दोन लाकडी ठोकळे कापले, भागलं. ब्रेक शू बदलायला तिलाच आधी चढवा, असा घरातून आदेश आहे. आरएक्स पुढच्या आठवड्यात.